दात, नग पाचशे बत्तीस

कवळीवाला गेला तो मंगळवारी सकाळी, पॉलिशच्या मोटरसमोर बसल्या जागी. हातातली कवळी त्याने खाली पडू दिली नाही, ती मांडीवर नीट होती. माणूस गेला आणि मोटर चालूच राहिली. बहिणीने आधी मोटर बंद केली आणि मग हंबरडा फोडला. तीस वर्षांची शिस्त होती ती. चालू मोटरसमोर रडायचं नाही, केस अडकतात.

त्याला सगळे कवळीवाला म्हणत आणि तिला ताई. ती त्याच्याहून सहा वर्षांनी लहान, म्हणजे एकसष्टची, तरी ताईच. दोघांनीही लग्न केलं नाही. कोणी कारण विचारलं की तो म्हणायचा, "दिवसभर लोकांची तोंडं बघतो. संध्याकाळी आणखी एक कशाला?" तो जबड्याचं माप घ्यायचा, साचा ओतायचा. ती स्पिरिटच्या दिव्यावर मेण मऊ करून त्यात एकेक दात बसवायची. दात बसवणं हे काम बाहेरून सोपं दिसतं. आतून ते इतकं नाजूक आहे की एक सुळा केसभर पुढे आला तर सज्जन माणूस गुंड दिसायला लागतो.

दुकान म्हणजे एक खोली. भिंतीला फळी आणि फळीवर एकोणीस वाट्या. तयार झालेली कवळी पाण्यात ठेवावी लागते. कोरडी पडली तर वाकडी होते आणि मग ती कोणाच्याच तोंडात बसत नाही. दर वाटीवर गिऱ्हाइकाची चिठ्ठी. एकोणीस माणसं येत्या आठवड्यात आपापले दात न्यायला येणार होती.

दहाव्या दिवशी ताई दुकानात गेली तर दाराला दुसरं कुलूप.

"भाडेपावती त्यांच्या नावावर होती," जागामालक म्हणाला. "ते गेले. आता तुम्ही कोण?"

"मी त्यांची बहीण. तीस वर्षं तुमच्या डोळ्यांसमोर या दारातून आत-बाहेर करतेय."

"ते मला माहितीये हो. कागदावर कोण?"

कागदावर ती कोणीच नव्हती. दादाने मृत्युपत्र केलं नव्हतं. लोकांच्या जबड्यांची मापं बिनचूक ठेवणाऱ्या माणसाला आपण मरणार आहोत याची नोंद ठेवायचं सुचलं नाही.

"महिनाअखेरपर्यंत कोर्टाचा कागद आणा," मालक म्हणाला. "नाहीतर माल पोत्यात भरून बाहेर ठेवीन. आपलं वाईट नाही काही, पण मला पण जागा द्यायचीय कोणाला तरी."

"पोत्यात? अहो, आत लोकांचे दात आहेत!"

"मग दोन पोती करीन."

महिनाअखेर बावीस दिवसांवर होती. वाट्यांतलं पाणी त्याआधीच आटणार होतं.

*

मयतांच्या मिळकतीचं काम कोर्टाच्या मागच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर चालायचं. जिना असा की वारस वर पोचेपर्यंत मिळकतीला आणखी एक मयत मिळायची शक्यता होती. खिडकीच्या आत जामीन-कारकून बसला होता. अंगाने गुटगुटीत, शर्ट इस्त्रीचा. त्याने मान वर केली आणि हसला.

ताई जागच्या जागी थबकली.

लोक माणसाला चेहऱ्यावरून ओळखतात. ताई दातांवरून ओळखायची. वरचे चार. मधले दोन सरळ, डावीकडचा किंचित वळवलेला. तो तिनेच वळवला होता, सात वर्षांपूर्वी, मेणात. "एकदम सरळ नको, तायडे," दादा म्हणाला होता, "सरळ बसवलेस तर खोटे वाटतील." खोटे वाटत नव्हते. माणूस खरा हसतोय असंच वाटत होतं.

पण दादाचा दुसराही एक नियम होता. कोणाच्या तोंडात काय आहे ते दुकानाच्या बाहेर ओळखायचं नाही. लग्नात नाही, बाजारात नाही, भांडणात तर नाहीच. मनातल्या मनात मात्र त्या माणसाचं नाव त्या क्षणी पडलं ते पडलं : वरचे चार.

"बोला मावशी," वरचे चार म्हणाले.

तिने सांगितलं. त्याने एक लांबलचक फॉर्म पुढे सरकवला. "मिळकतीची यादी. दुकानात जे जे आहे ते सगळं लिहायचं. एक सुई सुटली तरी अर्ज परत."

तिने तिथेच बाकावर बसून लिहिलं. मोटर एक. स्पिरिटचे दिवे दोन. कानशी सात. प्लास्टरचं पोतं, अर्धं. स्टूल दोन, त्यातलं एक डुगडुगतं. सगळं प्रामाणिकपणे लिहिलं, आणि तिथेच तिचा घात झाला. कवळ्या एकोणीस, असंही लिहिलं.

यादी मोठ्याने वाचायची कारकुनाची पद्धत होती. नियमच होता म्हणे, चूक राहू नये म्हणून. मागच्या रांगेलाही त्यामुळे विरंगुळा व्हायचा. दिवे, कानशी, डुगडुगतं स्टूल हे सगळं खणखणीत आवाजात वाचून झालं आणि तो थांबला.

"कवळ्या एकोणीस? असं चालत नाही. नग सांगा. एका कवळीत दात किती?"

"अठ्ठावीस. पण ते—"

त्याने कॅल्क्युलेटर काढला. "दात, नग पाचशे बत्तीस," त्याने लिहिलं आणि वाचलं. रांगेत कोणीतरी फिस्सकन हसलं.

"अहो, ते दादाचे नाहीत. लोकांचे आहेत."

"लोकांच्या तोंडात आहेत का?"

"नाही, दुकानात आहेत. पण—"

"मग मयताचे."

"मयताला पाचशे बत्तीस दात कसे असतील?"

"ते कोर्ट बघेल. लोकांचे आहेत म्हणता तर पावत्या दाखवा."

"पावत्या दुकानात आहेत."

"मग दुकान उघडा आणि आणा."

"दुकान उघडायलाच तर तुमचा कागद हवा!"

"बरोब्बर," तो म्हणाला. मठ्ठ विद्यार्थिनीला अखेर गणित सुटलं म्हणून मास्तर खूश व्हावा, तसा. "आता जामीनकतबा. मिळकतीच्या किमतीच्या दुप्पट रकमेचा. म्हणजे कसं, उद्या तुम्ही मयताची मिळकत खाल्लीत—"

"दात?"

"—मिळकत. ती खाल्लीत तर भरून द्यायला कोणीतरी नको का? तो जामीनदार. आणा एक."

ताईच्या कानांच्या पाळ्या तापल्या. "माझ्या भावाच्या दुकानात मी चोरी करीन, असं म्हणायचंय तुम्हाला?"

"मी कुठे म्हणतोय? कायदा म्हणतो. कायद्याला तुम्ही, मी, सगळे सारखेच चोर."

"मग मीच राहते जामीन. माझ्यासाठी."

"स्वतःला स्वतः जामीन राहता येत नाही हो." आणि मग त्याने ते विचारलं. त्याच्या दृष्टीने रोजचंच होतं. दिवसातून तीस वेळा तो ते विचारायचा, कारण जामीनदाराला सरकारी कचेरीतून ऐपतीचा दाखला आणावा लागतो. पण त्याने दाखला हा शब्द गाळला. खिडकीतून तिला वरून खाली न्याहाळलं, वरचे चारही दात दाखवत हसला आणि म्हणाला, "आणि तुमची ऐपत काय?"

रांगेतल्या दोघांनी मान लांब करून पाहिलं.

माझ्याच हातचे दात, ताईला वाटलं. माझ्याच बोटांनी बसवलेले, माझ्याच मोटरवर चकाकवलेले, आणि त्यांच्यातून हा मला विचारतोय की माझी ऐपत काय. तिने दात-ओठ खाल्ले. अक्षरशः खाल्ले, कर्रर्र आवाज खिडकीच्या आत गेला. तिची सवयच होती ती. दादा रोज ओरडायचा, "तायडे, झिजतात!" आता ओरडायला कोणी नव्हतं. तिने पोटभर खाल्ले.

*

जामीन हा शब्द मोठा नतद्रष्ट आहे. कोर्टातल्या लोकांना त्याचे दोन अर्थ माहीत असतात, बाकीच्या जगाला एकच. ताईने शेजारणीला नुसतं विचारलं, "तुमच्या ओळखीत कोणी जामीन राहील का हो?" आणि संध्याकाळपर्यंत अख्ख्या गल्लीला कळलं की ताईला अटक होणार आहे.

"काय केलं काय तिने?"

"दात चोरले म्हणे. पाचशे."

"पाचशे? अगं बाई! कोणाचे?"

"मेलेल्या माणसाचे."

दोन दिवस बायका तिच्याशी फार गोड बोलत होत्या. तोंड मात्र मिटून बोलत होत्या.

तिने धाकट्या भावाला फोन केला. धाकट्याची ऐपत दणदणीत होती. दोन घरं आणि गाडी, आणि गाडीला वेगळं घर. अकरा वर्षांत तो आला नव्हता. दादाच्या मातीला आला, तो चपला न काढता उंबऱ्यावरूनच परत गेला.

"ताई, संमतीच्या कागदावर सही करतो ना मी. माझा हिस्सा आहेच त्यात. पण जामीन वगैरे म्हणजे… नाव अडकतं गं."

"कशात अडकतं? मी काय दुकान घेऊन पळून जाणारे?"

"तसं नाही. पण समज, उद्या तुझं काही कमी-जास्त झालं…"

"माझं कमी झालं तर तुला जास्तच मिळेल रे. सही तरी कर."

"आणि ताई, एक सांगू? ते जुनाट दुकान ठेवून तरी काय करणार आहेस तू?"

तिने फोन ठेवला नाही, आपटला. फोनचं काही बिघडलं नाही. यंत्रंसुद्धा हल्ली निर्लज्ज झाली आहेत.

तिसऱ्या दिवशी तिच्या दाराशी शिष्टमंडळ आलं. सात-आठ म्हातारी माणसं, सगळ्यांचे गाल आत गेलेले. दात तयार होणार म्हणून जुन्या कवळ्या त्यांनी टाकून तरी दिल्या होत्या, नाहीतर साच्यासाठी दादाकडे तरी दिल्या होत्या. महिनाभर भात आणि पातळ सूप यांवर दिवस काढून सगळ्यांचा भडका उडाला होता. बिनदातांचा माणूस चिडला की फार करुण दिसतो आणि ते त्याला ठाऊक असतं, म्हणून तो आणखी चिडतो.

त्यांचा पुढारी होता भोंगाकाका. चाळीस वर्षं बस-स्थानकावर त्याने गाड्यांची घोषणा केली. असा आवाज की चुकीच्या गाडीत बसलेला माणूससुद्धा अभिमानाने उतरायचा. आता त्याने तोंड उघडलं, तर आतून नुसता वारा आला.

"हाई, फगळं ऐकलं. फामीम मी वाह्हो."

ताईला कळलं. तीस वर्षं ती हीच भाषा ऐकत होती. ताई, सगळं ऐकलं. जामीन मी राहतो. शाळेत शिकवतात, त थ द ध न ही अक्षरं दंत्य आहेत, जीभ दातांना लागली की उमटतात. स सुद्धा त्यांच्याच नात्यातला. ही सगळी अक्षरं सध्या दुकानात, कुलपामागे, एका वाटीत पडली होती.

"काका, घर जाईल हो तुमचं, माझ्या हातून काही चुकलं तर," ताई म्हणाली.

(यापुढे भोंगाकाकाचं बोलणं दात घालूनच लिहितो. वाचकाला कशाला त्रास!)

"चुकेल कशाला? आणि गेलं तर गेलं. गेल्या महिन्यात नातीने विचारलं, आजोबा, तुम्ही मला काय म्हणालात? मी म्हणालो, लाडके. ती रडत आईकडे गेली, आजोबांनी मला माकडे म्हटलं! घर काय करायचंय मला? दात दे माझे!"

*

ऐपतीचा दाखला काढायला चौदा दिवस लागले. बारा दिवस साहेब जागेवर नव्हते, तेराव्या दिवशी जागेवर होते पण शिक्का नव्हता, आणि चौदाव्या दिवशी दोन्ही एकदाचे सापडले. महिना संपायला चार दिवस उरले. ताई आणि भोंगाकाका दोघं जिना चढून खिडकीशी गेले. कारकुनाने दाखला वाचला, मोठ्याने, आणि जीभ टाळ्याला लावून च्यक् केलं.

"कमी पडतं."

"काय कमी पडतं?"

"घर. दातांमुळे मिळकत फुगलीय ना. तिची दुप्पट म्हणजे… या घराला आणखी एक मजला असता तर बसलं असतं."

भोंगाकाका आठ-दहा वाक्यं बोलला. त्यांतलं एकही कारकुनाला कळलं नाही, यातच सगळ्यांचं भलं झालं.

"आता एवढ्यात वर मजला बांधू का मी?" ताई म्हणाली.

"माझ्यावर कशाला चिडता? उद्या सुनावणी आहे, न्यायाधीशबाईंना सांगा. मी काय, नियमाचा नोकर." आणि तो हसला. चारही दिसले. डावीकडच्या वळणावर ऊन पडून चमकलं. काम सुरेख झालं होतं, आणि त्याच गोष्टीने तिचं डोकं अधिक उठलं.

दुसऱ्या दिवशी कोर्टाची खोली लहान होती, पंखा मोठा होता आणि न्यायाधीशबाईंच्या समोर फायलींचा एवढा ढीग की त्यांचा फक्त चष्मा दिसत होता. कारकून बाजूला उभा राहून कागद पुरवत होता.

"जामीनदार कोण?"

भोंगाकाका उभा राहिला. कडक इस्त्रीचा कोट, जुना, स्थानकावरचा.

"नाव सांगा."

आता दैवाची करामत बघा, या माणसाचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव, तिन्ही दंत्य अक्षरांनी गच्च भरलेली. त्याने छाती भरून घेतली. चाळीस वर्षं ज्या आवाजाने गाड्या हलल्या त्या आवाजात त्याने नाव सांगितलं, आणि ते उकळत्या किटलीच्या झाकणासारखं फड् फड् फूं करत खोलीभर फिरलं.

"पुन्हा सांगा."

पुन्हा फूं.

"जामीनदाराने स्पष्ट बोलावं," कारकून म्हणाला, आणि त्याला हसू आवरलं नाही. मागच्या बाकावरचे दोन वकीलही खोकल्याच्या निमित्ताने हसले. भोंगाकाकाचे कान लाल झाले. त्याने मान खाली घातली. आवाजावर आयुष्य काढलेला माणूस, त्याला कोणी गप्प राहायला सांगितलं नव्हतं, आणि तो गप्प झाला.

ताईने ती खाली गेलेली मान पाहिली.

मग तिच्या डोक्यात काय झालं ते तिलाही नंतर नीट सांगता आलं नाही. ती उठली, टेबलाशी गेली, पदर तोंडाशी धरला, आणि पदर खाली आला तेव्हा तिचे गाल आत गेले होते. न्यायाधीशबाईंच्या फायलींवर, अगदी वरच्या फाइलवर, तिने कवळी ठेवली. वरची आणि खालची. ओली, गुलाबी, अठ्ठावीसच्या अठ्ठावीस.

न्यायाधीशबाईंनी बाकीच्या फायली दोन्ही हातांनी मागे ओढल्या.

"हे काय आहे?" न्यायाधीशबाई म्हणाल्या.

ताई बोलायला लागली. पण आता तिचेही सगळे त थ द ध टेबलावर होते. तिच्या तोंडातूनही वाराच आला.

"तुम्ही ते परत घाला आणि बोला. मला काही कळत नाही."

ताईने जोरात मान हलवली. कारकुनाच्या हातातलं पेन ओढून घेतलं आणि यादीच्याच मागे मोठमोठ्या अक्षरांत लिहिलं. न्यायाधीशबाईंनी ते वाचलं. वाचायची पद्धत होती म्हणून मोठ्याने वाचलं.

"हीही मयताच्या हातची आहे. त्याने मला फुकट दिली, पावती नाही. म्हणजे मयताची मिळकत. यादीत लिहायची राहिली. आता पाचशे साठ करा. जामीन दिल्याशिवाय मला घालता येणार नाही."

खालची ओळ जास्त दाबून लिहिली होती. पेनाने कागद फाटला होता.

"तीस वर्षं मी लोकांच्या तोंडात घास जाईल असं काम केलं. तुम्ही वीस दिवसांत एकोणीस माणसांच्या तोंडचा घास काढलात. चोर कोण ते ठरवा आणि त्याच्याकडून जामीन घ्या."

वकिलांचा खोकला बरा झाला.

न्यायाधीशबाईंनी चष्मा काढून पुसला आणि त्या कारकुनाकडे वळल्या. "गिऱ्हाइकाची वस्तू दुरुस्तीला आलेली असली, तर ती मिळकतीत धरतात का?"

"नाही, मॅडम."

"मग या का धरल्या?"

"वगळायचा अर्ज नव्हता, मॅडम."

"असा अर्ज करता येतो, हे यांना सांगितलंत?"

"त्यांनी विचारलं नाही, मॅडम."

'विचारलं नाही' असं त्याने म्हटलं, आणि अगदी निरागसपणे म्हटलं. अठरा दिवस! अठरा दिवस त्या खिडकीत तो अर्ज पडून होता, आणि तो माणूस त्याच्या शेजारी बसून कॅल्क्युलेटरवर दात मोजत होता. ताईला दात-ओठ खायचे होते आणि दात टेबलावर होते. आयुष्यात इतकी हतबल ती कधी झाली नव्हती.

"पाचशे बत्तीस नग वगळा," न्यायाधीशबाई म्हणाल्या. "मग यांचं घर पुरतं का? पुरतं. जामीनदारांनी शपथ लेखी द्यावी." आणि जरा थांबून म्हणाल्या, "बाई, तुम्ही आधी दात घाला. शपथ तुम्हाला बोलून घ्यायची आहे."

ताईने दात घातले आणि एकेक शब्द चावून चावून शपथ घेतली : मयताची मिळकत प्रामाणिकपणे गोळा करीन, मयताचं येणं वसूल करीन, आणि खरी व संपूर्ण यादी, काहीही न लपवता, या कोर्टात सादर करीन. न केल्यास जामीनदाराचं घर जप्त होईल.

"काहीही न लपवता," कारकुनाने बजावलं. सवयीने.

*

महिना संपायला दोन दिवस असताना कुलूप निघालं. तीन वाट्या पार कोरड्या पडल्या होत्या, ती कामं नव्याने करावी लागणार होती. बाकीच्यांत तळाशी बोटभर पाणी होतं. भोंगाकाकाची कवळी ताईने दोन मिनिटं कानशीने घासली, धुतली आणि हातात दिली. त्याने ती घातली, जबडा इकडे-तिकडे केला, पायरीवर जाऊन उभा राहिला आणि छाती भरून घेतली.

"लक्ष द्या! सर्वांनी लक्ष द्या! कोर्टाच्या तिसऱ्या मजल्यावरचा कारकून हा अत्यंत नीच, नादान, नतद्रष्ट, निर्दय आणि दळभद्री माणूस आहे! तसदीबद्दल दिलगीर आहोत!"

एकूण एक दंत्य अक्षर वाजलं. समोरच्या दुकानातले लोक बाहेर आले. कोणीतरी टाळ्या वाजवल्या.

ताई आत फळीखालचा खोका उघडून बसली होती. त्यात दादाची कार्डं. प्रत्येक तोंडाचं एक कार्ड, त्यावर त्याच्या बारीक अक्षरातल्या नोंदी. 'हसताना हिरडी दिसते.' 'मोठ्याने बोलतो, घट्ट बसवणे' हे भोंगाकाकाचं. एक कार्ड तिचं निघालं. तिला ते असल्याचंही माहीत नव्हतं.

'तायडी. वरची-खालची. फार दात-ओठ खाते. सांगून उपयोग नाही. जाड बसवणे.'

तिने ते कार्ड पदराने पुसून बाजूला ठेवलं. मग तिने पुढची चाळायला घेतली, कारण येण्याची, म्हणजे लोकांकडच्या उधारीची, यादी करायची होती, आणि सात वर्षांपूर्वीच्या गठ्ठ्यात ते सापडलं.

'वरचे चार. कोर्टात कारकून. सध्या ऐपत नाही म्हणाला. जमेल तेव्हा देतो. सगळे पैसे बाकी.'

भोंगाकाका पायरीवरून आत आला. तिने कार्ड उलटं करून ठेवलं.

"काय गं?"

"काही नाही. दादा म्हणायचा, कोणाच्या तोंडात काय आहे ते दुकानाबाहेर न्यायचं नाही."

"येणं आहे का ते?"

"आहे."

"मग माझं घर आहे त्यावर," भोंगाकाका म्हणाला. नव्या दातांनी अगदी स्पष्ट म्हणाला. "काहीही न लपवता, अशी शपथ घेतलीयस तू. तुझ्या सभ्यपणापायी मी रस्त्यावर येणार नाही, ताई. लिही."

ताईने लिहिलं.

सोमवारी ती जिना चढून खिडकीशी गेली. मागे नेहमीसारखी रांग होती. तिने यादी आत सरकवली. कारकुनाने तिच्याकडे पाहिलं, जरा जपूनच हसला आणि नियमाप्रमाणे खणखणीत आवाजात वाचायला लागला. मोटर एक. दिवे दोन. कानशी सात. डुगडुगतं स्टूल. मग येणं. पहिलं नाव, दुसरं, तिसरं. चौथ्या ओळीवर आवाज थांबला.

त्याचे ओठ मिटले. पहिल्या भेटीपासून आजवर, ताईला ते चार दात पहिल्यांदाच दिसेनासे झाले.

"हे… हे इथे लिहायची काय गरज?" तो कुजबुजला.

ताईने दोन्ही कोपरं खिडकीच्या फळीवर टेकली आणि जबडा घट्ट मिटून घेतला. कर्रर्र झालं. जाड होते, काही झालं नाही त्यांना.

"मोठ्याने वाचा," ती म्हणाली. "एक सुई सुटली तरी अर्ज परत येतो."